चर्चसमोरचे तडे

वेस्टरवेल्डच्या मेन स्ट्रीटवर पहिला तडा उमटला तो फर्स्ट रिफॉर्म्ड या डच प्रोटेस्टंट चर्चच्या पायऱ्यांसमोर, आणि रस्ता होऊन तोवर वर्षही उलटले नव्हते. जुन्या डांबराचा वरचा थर यंत्राने खरवडून त्यावर चार इंच काँक्रीट चढवले, की दोन्ही थर एकजीव होतात आणि वीस वर्षे धान्याचे ट्रक बिनतक्रार वाहतात, असे गावाला सांगण्यात आले होते. एप्रिलच्या अखेरीस तड्यांची संख्या एकशे बारावर गेली. त्यांपैकी एकशे नऊ तडे चर्चच्या अलीकडच्या-पलीकडच्या तीन चौकांत, म्हणजे एका आडरस्त्यापासून पुढच्या आडरस्त्यापर्यंतच्या तीन तुकड्यांत, होते आणि उरलेल्या सहा चौकांच्या वाट्याला मिळून तीन आले होते. तेव्हा गावात दोन पक्ष पडले. ठेकेदार दोषी आहे याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. मतभेद होता तो एवढाच, की त्याने हे निष्काळजीपणाने केले, की तो कॅथलिक असल्यामुळे जाणूनबुजून केले.

ठेकेदार नॉर्बर्ट थेलेन उत्तरेच्या परगण्यातला, चाळीस मैलांवरचा. त्याच्या हाताखाली बावीस माणसे होती आणि त्यांतली निम्मीअधिक त्याची पुतणे-भाचरे होती. दोष त्याचा ठरला तर तीन चौक त्याने पुन्हा करून द्यायचे, ही शिक्षा त्याला परवडली असती. पण तसे ठरताच आयोवा राज्याच्या मान्यताप्राप्त ठेकेदारांच्या यादीतून त्याचे नाव तीन वर्षांसाठी निघणार होते, आणि यादीबाहेरच्या माणसाला आयोवात अंगणातली वाटसुद्धा कोणी बांधायला देत नाही. म्हणजे शिक्षा तीन वर्षांची असली, तरी धंदा कायमचाच बुडणार होता.

चौकशी निःपक्षपाती व्हावी, असे नगरपरिषदेने एकमताने ठरवले आणि त्यासाठी गावातलाच माणूस नेमला. आर्लिन रोझेबूम हा राज्याच्या रस्ते खात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे काँक्रीट फोडून निवृत्त झालेला, एकाहत्तर वर्षांचा, काटक आणि मितभाषी गृहस्थ. तो चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळावर होता. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाही शंका नव्हती, आणि ज्यांना नव्हती त्यांत तो स्वतः पहिला होता. महापौर व्हर्लिन कोइमा हा त्याचा शाळेपासूनचा सोबती. त्याने नेमणुकीचे पत्र हाती देताना एकच विनंती केली, की ट्यूलिप उत्सवाच्या आधी अहवाल यावा. कारण उत्सवाची मिरवणूक त्याच रस्त्यावरून जाते, आणि ‘काय झालं’ या प्रश्नाला पाहुण्यांसमोर काहीतरी उत्तर हवे.

आर्लिनने कामाला सुरुवात केली ती लोखंडी साखळीने. ही रीत जुनी आहे, पण तिच्याहून खात्रीची दुसरी अजून निघालेली नाही. काँक्रीटवरून साखळी ओढत चालावे. खाली पकड घट्ट असेल तर ती खणखणीत वाजते, आणि थर सुटलेला असेल तर रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा पोकळ आवाज येतो. गावाच्या दक्षिण टोकाला धान्याची उंच कोठारे आहेत. तिथून तो साखळी ओढत निघाला आणि नॉर्बर्ट थेलेन दोन्ही हात खिशात घालून त्याच्या मागून चालला. पहिले चार चौक साखळी खणखणत राहिली. पाचव्या चौकाच्या तोंडाशी, एलिसेओच्या बेकरीपासून दहा पावलांवर, तिचा आवाज असा बदलला, की रस्त्याच्या कडेला मोटारीत बसलेल्या बाईनेही मान वर करून पाहिले.

नॉर्बर्ट थांबला. म्हणाला, “तुमच्या देवाला माझं काँक्रीट पसंत पडलेलं दिसत नाही, मिस्टर रोझेबूम. तिकडे कोठारांपाशी ऐंशी हजार पौंडांचे ट्रक वळतात, ब्रेक मारतात, तिथे ओरखडा नाही. आणि इथे, जिथे आठवड्यातून एकदा म्हाताऱ्या बायका सावकाश गाड्या लावतात, तिथे सगळा भुगा.”

“देवाला यात ओढू नका,” आर्लिन म्हणाला. “सांधे किती तासांनी कापलेत?”

सांधे सहा तासांनी कापले होते. कोवळ्या काँक्रीटला वेळेवर चिरा दिल्या नाहीत, तर ते आपल्या मर्जीने फुटते, हे लहान ठेकेदारालाही ठाऊक असते. नॉर्बर्टने वही दाखवली आणि वहीत सगळ्या नऊ चौकांच्या वेळा होत्या. मग आर्लिनने जाडी मोजली. ती चार इंचांहून कुठेही कमी नव्हती, दोन ठिकाणी तर पाऊण इंच जास्त होती. त्याने काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत पाठवले. ते हवे त्याहून मजबूत निघाले. जुन्या डांबराला पाणी लागून ते आतून कुजले असेल, असेही त्याने धरून पाहिले. पण डांबर नऊही चौकांत सारखेच होते, आणि कुजायचे तर ते उताराच्या टोकाला, कोठारांपाशी आधी कुजायला हवे होते. एकेक संशयित असा हात झाडून उभा राहत गेला, आणि शेवटी ठेकेदाराच्या विरोधात उरले ते एवढेच, की तो तिथे होता.

तेव्हा आर्लिनने रस्त्यातून कोअर काढायला घेतले. हे म्हणजे पोकळ, दातेरी नळीने रस्ता वरपासून खालपर्यंत कापून काढलेले दंडगोल. त्यात काँक्रीट आणि त्याखालचे डांबर दोन्ही दिसतात. कोठारांपाशी काढलेला दंडगोल हातोड्याने फोडावा लागला, आणि फुटला तोही डांबरात, दोन थरांच्या जोडावर नव्हे. चर्चसमोरचा मात्र नळीतून बाहेर काढताकाढताच त्याच्या हातात दोन तुकडे होऊन आला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. आर्लिनने काँक्रीटचा तुकडा उलटा केला. यंत्राने डांबरात जे चर पाडले होते त्यांचा ठसा तिथे उमटलेला होता. पण त्या ठशावर मेणासारखी गुळगुळीत, करड्या रंगाची साय होती. त्याने नखाने ती खरवडली. ती सुटून आली, आणि बोटांमध्ये चुरडली तेव्हा पिठासारखी झाली.

ती साय कशाची, हे ओळखायला त्याला प्रयोगशाळेची गरज नव्हती. डांबर खरवडताना जी धूळ उडते ती मैद्याइतकी बारीक असते. कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी. झाडून, हवेच्या झोताने उडवून लावता येते, आणि नॉर्बर्टने गेल्या जूनमध्ये, काँक्रीट टाकण्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तशी ती उडवून लावली होती, हे वहीत होते आणि निरीक्षकाची त्यावर सहीही होती. पण अशी धूळ सगळी कधीच जात नाही, थोडी चरांच्या बुडाशी राहतेच. कोरडी राहिली तर ती काँक्रीटच्या ओल्या पिठात मिसळून जाते. तिच्यावर आधीच पाणी पडले, तर तिचा गाळ होतो, गाळ चरांत बसतो, उन्हाने वाळतो आणि वाळून इतका घट्ट व सपाट होतो, की वरून पाहणाऱ्याला रस्ता नुसता स्वच्छ नव्हे, चकचकीत दिसतो. मग त्यावर टाकलेले काँक्रीट डांबराला न चिकटता त्या सायीवर नुसते बसते. आणि चार इंच काँक्रीट एकटे बसले, तर ट्रकखाली त्याची गत बिस्किटासारखी होते.

राहिला प्रश्न तो पाण्याचा. शनिवारी नॉर्बर्टच्या पुतण्याचे लग्न होते म्हणून काम बंद होते; रविवारी वेस्टरवेल्डमध्ये गवत कापण्याचे यंत्रही चालत नाही. पाऊस पडला नव्हता. सोमवारी पहाटे नॉर्बर्ट आला, आणि त्याने पुन्हा एकदा हवेचा झोत मारला.

“धूळ उडालीच नाही,” नॉर्बर्टला आठवले. “मी पोरांना म्हटलंसुद्धा, बघा, याला म्हणतात गाव. तीस वर्षांत पहिल्यांदा असा रस्ता पाहिला, की ज्यावर काँक्रीट टाकायला जिवावर यावं.”

 आर्लिनच्या मनात एक शंका डोकावली होती, आणि ती अशी होती, की तिला त्याने आत बसू दिले पण खुर्ची दिली नाही.

तो कॉफी प्यायला एलिसेओच्या बेकरीत गेला. त्या जागी पूर्वी डच बेकरी होती. टर्की कापण्याच्या कारखान्यात कामाला आलेल्या ग्वाटेमालाच्या लोकांनी गावाचा दक्षिण भाग भरून गेल्यावर ती एलिसेओने घेतली, आणि गाव आता त्याच्याकडून बदामी पाव घेते पण त्याच्या दारावरून चर्चला जात नाही. एलिसेओने रस्त्यातली भोके आणि आर्लिनची धुळकटलेली पॅंट पाहिली व आपण होऊनच विषय काढला.

“गेल्या जूनमध्ये बायका इथपर्यंत आल्या होत्या, मिस्टर आर्लिन. बादल्या, खराटे, पाण्याचे पाइप. काय घासत होत्या, काय घासत होत्या! मी दारात जाऊन म्हटलं, बाई, आलाच आहात तर माझ्या दारापुढेही दोन हात मारा की. त्यातल्या एका उंच बाईनं, निळे रबरी बूट होते तिचे, माझ्याकडे बघून सांगितलं, की रविवारी इकडून कोणी चालत येत नाही.” एलिसेओने गल्ल्यावर दोन्ही कोपरे टेकली. “राग नाही हो. आता बघा ना, माझ्या दारापुढचा रस्ता तेवढा घाणेरडा राहिला, आणि तोच शाबूत आहे.”

आर्लिनने कॉफी संपवली. निळे रबरी बूट त्याच्या घराच्या मागच्या दारात, पायपुसण्याच्या डाव्या बाजूला, एकोणीस वर्षे उभे होते.

त्या शनिवारी आर्लिन मिशिगनला बहिणीकडे होता. इथे, वेस्टरवेल्डमध्ये, मेन स्ट्रीट धुणे ही काही आडवळणाची गोष्ट नव्हे. दर मे महिन्यात मिरवणुकीआधी महापौर पांढरे हातमोजे घालून रस्त्यावर बोट फिरवतो, रस्ता मळका असल्याचे जाहीर करतो, आणि सारे गाव खराटे घेऊन तो घासते. पाहुणे त्याला खेळ समजतात, गावाला मात्र तो निकाल दरवर्षी थोडा मनाला लागतोच. अशा गावात खरवडलेला, करडा, धुळीने भरलेला रस्ता चर्चच्या दारात रविवारभर पडून राहणार होता. कोणी काही ठरवले नसेल. दोन बायका बादल्या घेऊन निघाल्या असतील, आणि त्या पाहून बाकीच्यांना घरात बसवले नसेल.

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचे सूप आणि हॅमचे बन होते. आर्लिनने प्रार्थना झाल्यावर, सूप ढवळता ढवळता, जणू हवापाण्याविषयी विचारावे तसे विचारले, की गेल्या जूनमध्ये मी नसताना तुम्ही बायकांनी रस्ता धुतलात का.

“धुतला,” त्याची बायको लव्हॉन म्हणाली. “मग?”

“तू मला बोलली नाहीस.”

“त्यात बोलायचं काय? मी भांडी घासली की तुला कळवते का?”

मग तिने आनंदाने सगळे सांगितले. चौदा जणी होत्या. आधी साबणाचे पाणी, मग नुसते पाणी, मग पुन्हा नुसते पाणी. ब्याऐंशी वर्षांची ग्रेटा व्हान रूकेल गुडघ्यांमुळे वाकू शकत नव्हती. ती स्टुलावर बसली आणि तिने चर्चच्या पायऱ्यांसमोरचे चर दात घासण्याच्या ब्रशने साफ केले. संध्याकाळी रस्ता असा दिसत होता, की पाद्रीबाई म्हणाल्या, यावर काही घालूच नये.

आर्लिन ऐकत राहिला. साबणाने तर उरलीसुरली पकडही मारली असणार, आणि जितके जास्त धुतले तितका गाळ चरांत खोल गेला असणार, हे त्याच्या डोक्यात आपोआप मांडले जात होते. ग्रेटा व्हान रूकेलच्या ब्रशने तर तो एखाद्या गवंड्याने लिंपावा तसा लिंपला होता. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने लव्हॉनशी धर्मशास्त्रापासून खिडकीच्या पडद्यांपर्यंत कशावरही वाद घातला होता. पण स्वच्छतेने काही बिघडू शकते, हे वाक्य त्या घरात आजवर कोणी उच्चारले नव्हते, आणि ते उच्चारणारा पहिला माणूस होण्याची त्याला इच्छा नव्हती. त्याने सूप पुन्हा वाढून घेतले.

अहवाल अठरा पानांचा झाला. तक्ते होते, आलेख होते, दंडगोलांची छायाचित्रे होती. आणि तेराव्या पानावर, निष्कर्षात, असे वाक्य होते: खरवडलेला पृष्ठभाग झाडून झाल्यानंतर व काँक्रीट टाकण्यापूर्वी ओला झाला, आणि पुरेसा धुतला न गेल्यामुळे चरांमध्ये गाळाचा थर राहून दोन थरांमधली पकड सुटली. या वाक्यावर आर्लिनने तीन दिवस घालवले होते. ‘घासून धुतला’ असे लिहिले असते, तर वेस्टरवेल्डमध्ये कोणाला दुसरा प्रश्न विचारावा लागला नसता. अर्धवट ओला झालेला रस्ता मात्र कोणाचाही असू शकतो. आपले काम काय झाले ते सांगण्याचे आहे, कोणी केले ते सांगण्याचे नव्हे, हे त्याने स्वतःला पटवून दिले. आणि चौतीस वर्षे दुसऱ्यांना पटवण्याची सवय असल्यामुळे त्याला ते फारसे जड गेले नाही.

रीतीप्रमाणे बैठकीच्या आदल्या दिवशी अहवालाची एक प्रत ठेकेदाराला द्यायची असते. नॉर्बर्टने ती आर्लिनच्या ओसरीवर उभ्या उभ्या वाचली. तेरावे पान त्याने दोनदा वाचले.

“झालं काय ते सगळं इथे आहे,” तो म्हणाला. “फक्त केलं कोणी ते नाही.”

आर्लिन म्हणाला, की ते सिद्ध करणे त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाही.

“करारात चौदावं कलम आहे, मिस्टर रोझेबूम. खरवडल्यापासून काँक्रीट पडेपर्यंत रस्ता माझ्या ताब्यात. कोणीच ओला केला नसेल, तर मी ओला केला. आणि अर्धवट धुतला असेल, तर माझ्याच पाण्याच्या टँकरनं धुतला.” त्याने पाने सरळ केली आणि शांतपणे विचारले, “कोणी केलं, ठाऊक आहे तुम्हाला?”

“मला सिद्ध करता येईल तेवढंच मी लिहितो,” आर्लिन म्हणाला.

नॉर्बर्टने टोपी घातली आणि तो गाडीकडे गेला. लव्हॉनने आतून विचारले, त्याला कॉफी का दिली नाहीस.

नगरपरिषदेची बैठक दुसऱ्या दिवशी चार वाजता होती. बाकांवर नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण अहवालाच्या पाठोपाठ उत्सवातल्या खराटेवाल्यांचा विषय होता आणि त्या मंडळाची प्रमुख लव्हॉन रोझेबूम होती. ती तिसऱ्या रांगेत, मांडीवर वही घेऊन बसली होती. नॉर्बर्ट शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आपल्या दोन पुतण्यांमध्ये बसला होता. लग्न झालेला पुतण्याही त्यांत होता. आर्लिन भिंतीला लागून, जिथून कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही अशा खुर्चीत होता.

व्हर्लिन कोइमाने निष्कर्ष मोठ्याने वाचला. तेराव्या पानावरचे वाक्य त्याने खास सावकाश वाचले, आणि चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे पाहिले. मग तो म्हणाला, की अहवाल पुरेसा स्पष्ट आहे. चौदाव्या कलमानुसार पृष्ठभागाची जबाबदारी कोणाची होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ठराव मांडायला हरकत नसावी.

तिसऱ्या रांगेत वही मिटल्याचा आवाज झाला.

“व्हर्लिन,” लव्हॉन उभी राहून म्हणाली, “ते वाक्य पुन्हा वाच.”

“लव्हॉन, तुमचा विषय पुढे आहे.”

“पुन्हा वाच.”

त्याने वाचले. ‘पुरेसा धुतला न गेल्यामुळे’ या शब्दांपाशी ती म्हणाली, “थांब. हे कोणी लिहिलं?”

“तुझ्या नवऱ्यानं.”

“तो तेव्हा मिशिगनला होता, त्याला काय माहीत?” लव्हॉनचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तिला ओळखणाऱ्यांनी पाय जवळ घेतले. “हा रस्ता आम्ही धुतला. तीनदा. दुपारी एकपासून सहापर्यंत. चौदा जणी होतो. तुझी बहीण डार्लीन होती, व्हर्लिन, पाइप तिच्याच हातात होता. विचार तिला, कुठला कोपरा राहिला होता का. पाद्रीबाई होत्या. ग्रेटा व्हान रूकेल स्टुलावर बसून ब्रशनं चर घासत होती, ब्याऐंशी वर्षांची बाई. आणि इथे सगळ्या गावासमोर वाचता, की पुरेसा धुतला नाही?”

 मागच्या बाकावरून नॉर्बर्ट थेलेन उठला आणि हातातली टोपी छातीशी धरून अत्यंत अदबीने त्याने विचारले, “बाई, साबणही होता का?”

“साबणाशिवाय धुणं म्हणजे नुसतं भिजवणं,” लव्हॉन म्हणाली. “होता. दोन डबे.”

नॉर्बर्ट खाली बसला. त्याचा नवपरिणीत पुतण्या तोंडावर हात धरून खिडकीबाहेर पाहू लागला. व्हर्लिन कोइमाने अहवाल टेबलावर ठेवला, त्याच्या कडा जुळवल्या, आणि भिंतीकडे वळून विचारले, की आर्लिन, यामुळे तुझा निष्कर्ष बदलतो का.

आर्लिन उभा राहिला. तो म्हणाला, बदलत नाही, पूर्ण होतो. पाणी, धूळ आणि साबण यांचा जो थर त्याला सापडला, तो कसा पडला हे आता कळले. ठेकेदाराने रस्ता झाडून सोडला होता आणि त्याच्या कामात कोणताही दोष नाही. हे सगळे त्याने नीट, क्रमाने सांगितले, आणि सांगताना तो मध्येच थांबला नाही, कारण थांबले तर पुढचा प्रश्न येईल हे त्याला ठाऊक होते. प्रश्न तरीही आला.

“तुला हे आधी माहीत होतं?” व्हर्लिनने विचारले.

“होय,” आर्लिन म्हणाला.

ठराव झाला. ठेकेदार निर्दोष ठरला, आणि तीन चौक गावाच्या खर्चाने त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्यायचे ठरले. त्याच ठरावात, कोणाच्याही भावना दुखावू नयेत म्हणून, चौदा महिलांच्या निरपेक्ष सेवेबद्दल त्यांचे आभार मानण्यात आले, आणि यापुढे रस्ता धुताना ठेकेदाराला एक दिवस आधी कळवावे अशी सूचना जोडण्यात आली. अहवालाला पुरवणी जोडून त्यात त्या शनिवारचा वृत्तान्त यावा, असेही ठरले. लव्हॉनने नावे तिथल्या तिथे लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रोझेबूमच्या घरचा फोन वाजला. हेन्रिएटा डी वेर्ड ही पंधरावी होती, तिने चर्चच्या स्वयंपाकघरातून गरम पाणी पुरवले होते, आणि तिचे नाव गाळण्याचे कारण काय ते तिला हवे होते.

पण त्याआधीची संध्याकाळ राहिली.  घरी आल्यावर स्वयंपाकघरात लव्हॉनने अंगावरचा कोट खुर्चीवर ठेवला, जे ती कधी करत नसे, आणि तशीच उभी राहिली.

“आम्ही होतो हे तुला कळलं होतं, तेव्हाच तू मला विचारलंस. सूप खाताना.”

“हो.”

“आणि मी तुला तीनदा धुतल्याचं सांगितलं.”

“सांगितलंस.”

“तरी तू लिहिलंस, की नीट धुतला नाही.”

त्याने समजावण्याचा प्रयत्न केला. धुण्याच्या प्रमाणाचा प्रश्न नाही, असे तो म्हणाला. अशी धूळ जितकी धुवावी तितकी बसते, दहादा धुतला असता तर आणखी वाईट झाले असते. यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि पुढेही कधी बसला नाही. पण तिला जे विचारायचे होते ते हे नव्हतेच.

“नाव घातलं असतंस, तर मला राग आला असता,” ती म्हणाली. “चार दिवस. आणि तू नाव घातलं नाहीस म्हणून त्या माणसाचा धंदा गेला असता. हे तुला लिहिताना माहीत होतं का, आर्लिन? का तेही तुझ्या कक्षेत येत नाही?”

आर्लिनजवळ उत्तर होते. चौतीस वर्षांत त्याच्याजवळ नेहमीच उत्तर असे, आणि हेही तीन परिच्छेदांचे, मुद्देसूद होते. पण स्वयंपाकघरात ते कुठून सुरू करावे हे त्याला सुचेना. लव्हॉनने कोट उचलून खुंटीला लावला. उद्या सकाळी त्याच्याकडे जा, एवढेच ती म्हणाली.

तो गेला. चाळीस मैल, दोन्ही बाजूंना नुकती पेरणी झालेली काळी शेते. वाटेत त्याने जे बोलायचे ते दोनदा जुळवले आणि दोनदा मोडले. थेलेनच्या आवारात सिमेंटच्या चिखलाने माखलेली यंत्रे उभी होती. खडीच्या ढिगाऱ्यांवर कोंबड्या चरत होत्या. कचेरी म्हणजे चाके काढून विटांवर ठेवलेले एक जुने कॅरॅव्हॅन होते. नॉर्बर्ट आत एकटाच होता आणि फोनवर कोणाशी तरी वाळूच्या गाड्यांवरून भांडत होता. आर्लिनला पाहून त्याने हाताने खुर्ची दाखवली. खुर्चीवर धूळ होती. आर्लिन तीत बसला.

फोन झाल्यावर आर्लिन म्हणाला, की मी चूक केली. एवढे बोलून तो थांबला, कारण पुढचे वाक्य ‘परंतु’ने सुरू होत होते आणि ते उच्चारू नये एवढे त्याला वाटेतच उमगले होते.

 “तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा,” नॉर्बर्ट म्हणाला. “त्या तीन चौकांना मी जुलैत हात घालतो. खरवडायचं सोमवारी, आणि टाकायचं मंगळवारी. मध्ये एक रात्र. त्या रात्री तुम्ही रस्त्यावर खुर्ची टाकून बसायचं.”

“बसतो,” आर्लिन म्हणाला.

नॉर्बर्टने कोपऱ्यातल्या भांड्यातून कॉफी ओतली. पेला आतून तपकिरी झाला होता, त्याच्या कडेला कालच्या, परवाच्या आणि कदाचित त्याही आधीच्या ओठांचे वेढे होते, आणि कानाला सिमेंटचा एक वाळलेला ठिपका होता. तो त्याने आर्लिनपुढे ठेवला आणि स्वतःचाही तसाच घेतला. आर्लिनने पेल्यात पाहिले. मग तो उचलला आणि, सिंककडे एकदाही न बघता, तळापर्यंत प्यायला.